बंद पडलेल्या ट्यूब आणि सीएफएल: फुटल्या तर काय करायचे, टाकायच्या कुठे?

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून ज्या वस्तू खाली येतात, त्यांत बंद पडलेल्या ट्यूब आणि सीएफएल हमखास असतात. घरात एलईडी आले, जुने दिवे काढले, 'बघू पुढे' म्हणून कपाटावर ठेवले आणि ते तिथेच राहिले. मग एखाद्या रविवारी सगळे एका पिशवीत भरून सुक्या कचऱ्याबरोबर जातात. ट्यूब पिशवीत मावत नाही म्हणून काही जण ती चक्क मोडून टाकतात.

या दिव्यांत पारा असतो, हे आता बहुतेकांनी कुठेतरी वाचलेले असते. दवाखान्यात त्याबद्दल विचारणारे लोक मात्र एकच प्रश्न विचारतात: "डॉक्टर, बेडरूममध्ये सीएफएल फुटली, बाळाला काही होईल का?" या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा दिलासा देणारेच असते. न फुटलेला दिवा कुठे टाकू, असे सहसा कोणी विचारत नाही. खरी काळजी त्या दुसऱ्या प्रश्नाची करायला हवी. तुमच्या घरात फुटलेल्या एका दिव्याचा पारा खिडकीतून निघून जातो. तुमच्या कचऱ्यातून गेलेला दिवा दुसऱ्या कोणाच्या तरी हातात फुटतो, आणि त्या हातांपुढे दिवसभर असे कित्येक दिवे येत असतात.

पारा नेमका कोणत्या दिव्यांत असतो?

जुना पिवळा बल्ब, म्हणजे तारेचा, त्यात पारा नसतो. हॅलोजनमध्ये नसतो. एलईडीमध्येही नसतो, मग तो गोल बल्ब असो की ट्यूबच्या आकाराची एलईडी पट्टी. (एलईडी हा ई-कचराच आहे, तो वेगळा द्यायचाच, पण फुटला तर पाऱ्याची भीती नाही.)

पारा असतो तो सगळ्या प्रकारच्या ट्यूबलाइटमध्ये: चोक-स्टार्टरवाली जुनी जाड ट्यूब, नंतर आलेली बारीक ट्यूब, स्वयंपाकघराच्या छताला असायची ती गोल ट्यूब. वेटोळ्याच्या किंवा यू आकाराच्या सीएफएलमध्ये असतो. शिवाय काही जागा आपल्या लक्षात येत नाहीत. पाण्याच्या प्युरिफायरमधला पारंपरिक यूव्ही दिवा पाऱ्याचाच असतो. सर्व्हिसिंगला आलेला माणूस जुना दिवा काढून ओट्यावर ठेवून जातो तोच हा. डास-माश्या मारणाऱ्या निळ्या प्रकाशाच्या यंत्रातली नळी, माशांच्या टाकीवरची ट्यूब आणि एलईडी येण्यापूर्वीच्या एलसीडी टीव्हीच्या पडद्यामागच्या बारीक नळ्या याही त्यातल्याच.

ओळखायची सोपी खूण अशी: काचेची नळी आतून पांढऱ्या पावडरीने माखलेली दिसली, तर तो पाऱ्याचा दिवा धरून चालायचे. यूव्ही दिव्याची नळी मात्र पारदर्शक असते, त्यामुळे तिथे ही खूण चालत नाही.

दिव्यात पारा घालतातच कशाला?

कारण त्याच्याशिवाय तो दिवा चालत नाही. नळीत विजेचा प्रवाह गेला की आतली पाऱ्याची वाफ अतिनील किरण सोडते. ते डोळ्यांना दिसत नाहीत. काचेच्या आतली पांढरी पावडर ते किरण शोषून त्यांचे दिसणाऱ्या प्रकाशात रूपांतर करते. यूव्ही दिव्यात पावडर नसते, म्हणून तिथे अतिनील किरण तसेच बाहेर येऊन पाण्यातले जंतू मारतात.

एका सीएफएलमध्ये साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम पारा असतो. पारा भलताच जड असल्यामुळे ४ मिलिग्रॅमचा थेंब खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान भरेल. जुन्या जाड ट्यूबमध्ये याच्या कितीतरी पट असू शकतो. तुलनेसाठी सांगतो: काचेच्या जुन्या थर्मामीटरमध्ये अर्धा ग्रॅम किंवा त्याहून जास्त पारा असतो, म्हणजे शंभराहून अधिक सीएफएलमध्ये मिळून असेल तेवढा. तो थर्मामीटर आपण तोंडात धरत होतो, ही गोष्ट वेगळी.

सीएफएल घराघरांत पोचली तेव्हा तिचे कौतुक योग्यच होते. केंद्र सरकारच्या बचत लॅम्प योजनेत २००९ पासून ती पंधरा रुपयांत मिळायची. ती विजेची बचत करायची, आणि आपल्याकडची बरीचशी वीज कोळशावर तयार होते. कोळसा जळतानाही पारा हवेत जातो. त्यामुळे सीएफएल वापरणाऱ्यांनी काही चूक केली असे समजण्याचे कारण नाही. वापरून झाल्यावर ती परत कुठे द्यायची, हे मात्र तेव्हा कोणी धड सांगितले नाही.

पारा शरीरात गेला तर काय होते?

इथे लोकांचा एक गोंधळ असतो. गिळलेला पारा भयंकर, असे वाटते. प्रत्यक्षात चमकणारा द्रवरूप पारा पोटात गेला, तर निरोगी आतड्यांतून तो जवळजवळ शोषलाच जात नाही. शौचावाटे निघून जातो. मुलाने थर्मामीटर चावला तर डॉक्टर पहिल्यांदा काचेचा विचार करतात. अशा वेळी मुलाला उलटी करायला लावू नका, दवाखान्यात न्या.

धोका वाफेचा आहे. पारा खोलीच्या तापमानालाच हळूहळू वाफ होत राहतो. त्या वाफेला रंग नाही, वास नाही. श्वासाबरोबर गेलेल्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के फुप्फुसांतून रक्तात उतरते, तिथून मेंदूत आणि मूत्रपिंडांत जाते. गर्भवतीच्या वारेतून ती बाळापर्यंतही पोचते. दीर्घकाळ वाफ घेणाऱ्या माणसाचे हात थरथरतात, झोप उडते, स्वभाव चिडका किंवा अकारण बुजरा होतो, विसराळूपणा वाढतो, हिरड्या सुजतात. ही लक्षणे इतकी सर्वसाधारण आहेत, की माणूस काय काम करतो हे विचारल्याशिवाय डॉक्टरलाही पाऱ्याची शंका येत नाही.

मग घरात एक सीएफएल फुटली तर? साधा हिशेब करू. दहा बाय दहाच्या खोलीत साधारण २८ घनमीटर हवा असते. ४ मिलिग्रॅम पारा सगळाच्या सगळा एकदम हवेत गेला असे मानले, तर प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे १४० मायक्रोग्रॅम होईल. जागतिक आरोग्य संघटनेने वर्षभराच्या सरासरीसाठी सुचवलेली मर्यादा १ मायक्रोग्रॅम आहे. आकडा घाबरवणारा दिसतो. पण सगळा पारा एकदम हवेत जात नाही. वापरलेल्या दिव्यात त्याचा मोठा भाग पांढऱ्या पावडरीला आणि काचेला चिकटलेला असतो आणि पुढचे काही दिवस थोडा थोडा बाहेर येतो. शिवाय ती मर्यादा वर्षभर दिवसरात्र श्वास घेण्यासाठीची आहे, आणि तुमच्या खोलीला खिडकी आहे. म्हणून पहिल्या काही तासांत खोली मोकळी ठेवणे आणि काच-पावडर उचलून घराबाहेर काढणे, या दोन गोष्टी केल्या की एका दिव्याने विषबाधा होण्याची शक्यता अगदी कमी राहते.

दोन्ही केल्या नाहीत तर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण वैद्यकीय साहित्यात आहे. १९८७ साली 'पीडियाट्रिक्स' या अमेरिकी नियतकालिकात २३ महिन्यांच्या एका बाळाची हकिगत छापून आली. त्याला ॲक्रोडायनिया झाला होता. यात हातापायांचे तळवे लाल होऊन दुखतात, खाज सुटते, मूल सतत किरकिरते. हा पाऱ्याचा आजार आहे. शोध घेतल्यावर कारण सापडले: मूल जिथे खेळायचे तिथे मोठ्या लांबीच्या ट्यूब फुटलेल्या होत्या. एक दिवा नव्हता, अनेक होते, आणि मूल तिथे परत परत जात होते. लहान मुले जमिनीलगत असतात, हात तोंडात घालतात आणि वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतात. म्हणून बाळाच्या खोलीतला दिवा फुटला तर नियम कडक पाळा. पण रात्री अकरा वाजता रिक्षा करून हॉस्पिटल गाठायची गरज नाही.

फुटलीच, तर

पहिल्यांदा पंखा आणि एसी बंद करा. आपला हात सवयीने पंख्याच्या बटणाकडे जातो, 'हवा खेळू दे' म्हणून. त्याने पावडर घरभर उडते. खिडकी उघडा, आतल्या बाजूचा दरवाजा ओढून घ्या आणि सगळ्यांनी दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर जा. मुले, गर्भवती आणि मांजर-कुत्रे यांना साफसफाई पूर्ण होईपर्यंत आत येऊ देऊ नका.

मग हातमोजे असतील तर घाला, नसतील तर हातात प्लास्टिकची पिशवी घाला. पायात चप्पल हवीच. दोन जाड कागद किंवा लग्नपत्रिकेचे पुठ्ठे घेऊन काच आणि पावडर गोळा करा. बारीक कण चिकटपट्टीने टिपा. काही घरांत फुटलेल्या काचेवर कणकेचा गोळा फिरवतात. तोही चालेल, पण नंतर तो काचांबरोबरच जाईल, ओल्या कचऱ्यात किंवा गच्चीवरच्या कुंडीत नाही. शेवटी ओल्या कागदाने जमीन पुसा. हे सगळे घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा; लोणच्याची रिकामी बरणी उत्तम. बरणी नसेल तर दोन पिशव्या एकात एक घालून तोंड घट्ट बांधा. ती घरात ठेवू नका, बाल्कनीत किंवा जिन्याखाली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. साबणाने हात धुवा. खिडकी पुढचे काही तास उघडीच राहू द्या.

झाडू मात्र वापरू नका. लोकांना हे पटत नाही, पण केरसुणीच्या काड्यांत अडकलेली पावडर मग रोज स्वयंपाकघरात आणि देवघरात फिरते. व्हॅक्युम क्लीनर तर त्याहून वाईट. तो गरम हवेबरोबर पाऱ्याची वाफ खोलीभर फेकतो. दिवा अंथरुणावर फुटला असेल आणि काच-पावडर थेट चादरीवर पडली असेल, तर चादर वॉशिंग मशीनमध्ये घालू नका. तिच्यावर पाणी सोडावे लागले तरी चालेल, असे मी म्हणू शकत नसलो तर नाइलाज आहे. नुसता जवळ असलेला कपडा नेहमीसारखा धुतला तर चालतो.

एवढे केल्यावर रक्ताची किंवा लघवीची 'पाऱ्याची तपासणी' करायची गरज नसते. 'डिटॉक्स'च्या गोळ्या आणि पावडरींची तर अजिबात नाही. शरीरातले धातू बाहेर काढणारी खरी औषधे असतात. ती सिद्ध झालेल्या विषबाधेतच देतात आणि त्यांना स्वतःचे दुष्परिणाम आहेत.

माझ्याकडे ट्यूब फुटल्यामुळे जे रुग्ण येतात, ते बहुतेक कापलेला हात किंवा पाय घेऊन येतात. ट्यूबची काच फार पातळ असते आणि खोल शिरते. 'ट्यूबची काच विषारी, जखम चिघळतेच' ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. तिच्यामागे एक जुने सत्य आहे: सुरुवातीच्या काळातल्या ट्यूबच्या पावडरीत बेरिलियम नावाचा धातू असे आणि त्याच्या जखमा खरोखर लवकर भरत नसत. अमेरिकेत १९४९ साली उत्पादकांनी तो वापरणे थांबवले. आजच्या ट्यूबची जखम इतर काचेच्या जखमेसारखीच: वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवायची, आत तुकडा राहिल्यासारखे टोचत असेल तर उकरत न बसता दाखवायची, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे केव्हा घेतले ते आठवत नसेल तर तेही सांगायचे.

तुमच्या दारातून निघालेली ट्यूब कुठे जाते?

पुण्यात घरोघरचा कचरा मोठ्या प्रमाणात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद गोळा करतात. ही संस्था कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभी राहिली. पंचायत १९९३ सालची. काच तिच्या नावातच आहे, कारण काचेवर या बायकांचे पोट चालते. तुमच्याकडून घेतलेला सुका कचरा त्या हाताने निवडतात. पिशवीत ट्यूबचे तुकडे असले, तर ते पहिल्यांदा त्यांच्या बोटांना कळतात.

पुढे भंगाराच्या दुकानात ट्यूबच्या टोकाच्या धातूच्या टोप्या आणि सीएफएलच्या बुडातल्या भागाला थोडीफार किंमत येते. त्या काढायला नळी फोडावी लागते. पत्र्याच्या शेडमध्ये, खिडकी नसलेल्या जागी, पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात, जेव्हा पारा आणखी भराभर उडतो. आपण मघाशी एका दिव्याचा, एका दिवसाचा आणि उघड्या खिडकीचा हिशेब केला. या माणसांच्या बाबतीत त्यातली एकही गोष्ट लागू होत नाही.

उरलेले कुठेतरी कचऱ्याच्या ढिगात जाते. ढीग पेटला, किंवा थंडीत कोपऱ्यावर कचऱ्याची शेकोटी झाली, की पारा धुराबरोबर हवेत जातो. पावसाने वाहून गेलेला ओढ्या-नद्यांत पोचतो, आणि तिथले जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. हा पारा जेवणातून अगदी सहज शोषला जातो आणि माशांत साठत जातो. जपानमधल्या मिनामाता गावात १९५६ साली उघडकीला आलेला आजार याच मिथाइल पाऱ्याचा होता. तिथे तो कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात गेला होता. दिव्यांतला पारा त्यापुढे नगण्य आहे. पण पारा नष्ट होत नाही, फक्त जागा आणि रूप बदलतो.

मग द्यायचे कोणाला?

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत सीएफएल, ट्यूबलाइट आणि फुटलेले थर्मामीटर यांची नावे घेऊन त्यांना घरगुती घातक कचरा म्हटले होते. हा कचरा जमा करायला शहरात दर २० चौरस किलोमीटरमागे एक केंद्र असावे, ही जबाबदारी त्या नियमांनी स्थानिक संस्थेवर टाकली. त्याच वर्षीच्या ई-कचरा नियमांनी पाऱ्याचे दिवे त्या यादीत घेतले आणि परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली. २०२३ पासून लागू झालेल्या नव्या ई-कचरा नियमांतही ती आहे. कागदावर व्यवस्था चांगली आहे. प्रत्यक्षात दोन-चार फोन करायची तयारी ठेवा.

पहिली चौकशी तुमच्या भागातल्या आरोग्य कोठीत किंवा महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात करा. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनाही विचारा; 'स्वच्छ' ई-कचरा वेगळा गोळा करते. सोसायट्यांत ई-कचरा संकलनाचे दिवस होतात, तेही उपयोगी पडतात. मात्र प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न आवर्जून विचारा: "ट्यूब आणि सीएफएल घेता का?" जुने मोबाइल आणि संगणक सगळ्यांना हवे असतात, कारण त्यांत पैसे आहेत. ट्यूबमध्ये ते नाहीत, म्हणून काही जण त्या नाकारतात, आणि नाकारलेली ट्यूब परत सुक्या कचऱ्यातच जाते. अधिकृत रिसायकलिंग करणाऱ्यांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. ते चार दिव्यांसाठी तुमच्या घरी येणार नाहीत, पण दीडशे फ्लॅटच्या सोसायटीने वर्षभराच्या ट्यूब एकत्र ठेवल्या तर बोलणे होऊ शकते.

तोपर्यंत दिवे अखंड ठेवणे एवढेच तुमचे काम. नव्या दिव्याचे खोके टाकू नका, जुना त्यात जातो. खोके नसेल तर सीएफएल वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या डब्यात उभी ठेवा. ट्यूब चार-पाच एकत्र, मध्ये कागद घालून, सुतळीने सैल बांधून आडव्या ठेवा. वर मोठ्या अक्षरांत 'पाऱ्याचे दिवे, फोडू नका' असे मराठीत लिहा. सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढायची सवय पुणेकरांना लागते आहे. हेही तसेच, पुडी उचलणाऱ्या हाताला आत काय आहे ते कळले पाहिजे. सोसायटीच्या मीटररूममध्ये कोपऱ्यात उभ्या केलेल्या ट्यूब कधीतरी पडतातच, म्हणून वॉचमनला तेवढे सांगून ठेवा. आणि मैदानावर ट्यूब फोडून 'फट्' आवाज काढणारी मुले दिसली तर त्यांनाही.

योग्य जागी पोचलेल्या दिव्याचे पुढे काय होते, हे पाहण्यासारखे असते. बंदिस्त यंत्रात तो फोडतात. आतली हवा सतत ओढून कार्बनच्या गाळणीतून सोडतात, म्हणजे वाफ बाहेर येत नाही. धातूच्या टोप्या, काच आणि पावडर वेगवेगळे होतात. पावडर तापवून पाऱ्याची वाफ करतात आणि ती थंड करून पुन्हा पारा मिळवतात. काच आणि ॲल्युमिनियम पुन्हा वापरात जातात.

हे काम पुढच्या काही वर्षांत वाढणार आहे. पाऱ्याबाबतच्या मिनामाता करारात भारत २०१८ साली सामील झाला. या कराराच्या बैठकांत घरगुती सीएफएलची निर्मिती २०२५ पर्यंत आणि ट्यूबची २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरले. म्हणजे नवे येणे बंद होईल, पण माळ्यांवरचे आणि जुन्या पट्ट्यांतले दिवे याच काळात एकामागून एक बाहेर पडतील. ऑफिस किंवा शाळेतल्या सगळ्या ट्यूब काढून एलईडी बसवायच्या असतील, तर जुन्या कोण नेणार हे इलेक्ट्रिशियनला काम देण्यापूर्वीच ठरवा. "मी बघतो त्यांचे" असे तो म्हणाला, तर कुठे नेणार ते विचारा.

आवराआवर करताना औषधांचा डबाही एकदा बघा. काचेचा थर्मामीटर किंवा घरातल्या जुन्या डॉक्टरांचे पाऱ्याचे बीपीचे यंत्र सापडले, तर ते दिव्यांपेक्षा आधी बाहेर काढायला हवे. त्या यंत्रात तर पारा कित्येक ग्रॅम असतो. थर्मामीटर फुटून पाऱ्याचे मणी जमिनीवर पळाले, तर वरची पंख्याची, खिडकीची आणि झाडूची सगळी पथ्ये लागू होतात. मणी दोन पुठ्ठ्यांनी एकत्र लोटा, सुईविना सिरिंजने किंवा ड्रॉपरने ओढा आणि थोडे पाणी असलेल्या बरणीत सोडून झाकण लावा. फटीत शिरलेले मणी अंधारात टॉर्च आडवा धरला की चमकतात. ते बेसिनमध्ये किंवा संडासात सोडू नका. बीपीच्या यंत्रातला पारा सांडला, तर मात्र खोली बंद करा, खिडकी उघडी ठेवा आणि स्वतः साफ करण्याआधी डॉक्टरांशी बोला.